परवानगी फक्त आंबेगावपुरती

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत मिळून अक्कल म्हणून जी काही शिल्लक आहे, तिचा मोठा साठा आपल्याकडेच आहे, असं हौशीरामभाऊ स्वतःच सांगत. गळ्यात फीत, फितीला ओळखपत्र, त्यावर काळ्या चष्म्यातला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय गुप्तहेर'. यातलं 'आंतरराष्ट्रीय' कुठून आलं असं कुणी विचारलंच, तर ते राजुरीच्या हरवलेल्या गाईचा दाखला देत. गाय जर्सी होती. ती दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी गोठ्यात परत आली, हे मात्र ते सांगत नसत. त्यांच्या मते गाईनं परत येणं हा तपासाचाच भाग होता.

गुप्तहेराची स्वतःची गाडी असली की ती लोकांच्या ओळखीची होते, असं भाऊंचं शास्त्र होतं. म्हणून ते अवसरी बुद्रुकच्या धम्मपालच्या छोट्या टेम्पोतून फिरत. धम्मपाल कांदा, ढोबळी मिरची आणि हौशीरामभाऊ यांची वाहतूक करी. पहिल्या दोघांचा त्याला त्रास नव्हता.

त्या सोमवारी दुपारी साडेबाराला धम्मपालला त्याच्या धाकट्या बहिणीचा, यशोधराचा, फोन आला. पुण्यात लहान बेटांच्या देशांची पाण्यावर परिषद भरली होती आणि पाहुण्यांना शेततळी दाखवायला आणायचं काम यशोधराकडे होतं. कंत्राटी दुभाषी म्हणून दोन वर्षं काढल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलं मोठं काम. अवसरीत सत्कार उरकून बस पुढच्या गावाला गेली, तिथं तिनं माणसं मोजली, तर पाचाची चार भरली.

हरवलेला पाहुणा तुवारोआ नावाच्या नऊ बेटांच्या देशाचा उपमंत्री होता. नाव लेमानू. त्या देशाचं आणि आपलं कसल्याशा कागदावरून बिनसलेलं असल्यामुळे त्यांच्या माणसांना परिषदेला यायची परवानगी होती, फिरायची नव्हती. पुणे शहर, आणि एक दिवसापुरता आंबेगाव तालुका. सोबतीला नेमलेला माणूस असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि संध्याकाळी पाचच्या आत मंचरला येऊन वहीत सही करायची. तालुक्याची हद्द ओलांडली की परवानगी रद्द, आणि रातोरात घरी रवानगी. दुसऱ्या दिवशी परिषदेत त्यांच्या देशाला बोलायला सात मिनिटं मिळणार होती. ती सात मिनिटं मिळवायला त्यांना अकरा वर्षं लागली होती.

"दादा, मला ह्या चौघांना सोडून येता येत न्हाई," यशोधरा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि ती घाबरली की असाच शांत होतो हे धम्मपालला ठाऊक होतं. "वर कळवलं तर त्यांचं भाषण गेलं आन माझं काम गेलं. तू गुपचूप बघ. दिसायला ते…"

एवढ्यात शेजारी बसलेल्या हौशीरामभाऊंनी फोन हातातून घेतला. वर्णन नको, म्हणाले. वर्णन ऐकलं की डोकं त्याच माणसाला शोधत बसतं आणि बाकीचे संशयित सुटतात. एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला.

यशोधरानं मग परवानगीच्या कागदाचा फोटो धाडला. त्यातला लेमानूंचा चेहरा झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून आला असल्यानं डांबराच्या डागासारखा दिसत होता. भाऊंनी तो निरखला आणि सांगितलं, माणूस गोरा आहे. परदेशी म्हटल्यावर गोराच असणार, यंत्रानं काळा केलाय.

सत्काराचा मांडव अवसरीतच होता. दोघं पोचले तेव्हा पोरं खुर्च्या रचत होती. भाऊ मांडवाला दोन फेऱ्या मारून, एक खुर्ची हुंगून परत आले आणि म्हणाले, "चला, बसा." धम्मपाल बसला. भाऊंच्या मागोमाग आलेला डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात नारळ असलेला एक सावळा, धिप्पाड गृहस्थही आदबीनं आत शिरला आणि दोघांच्या मध्ये बसला. भाऊंच्या सासरकडचा कुणीतरी दिसतोय, असं धम्मपालला वाटलं. सासरकडच्या माणसाबद्दल चारचौघांत विचारू नये म्हणून तो गप्प राहिला.

भाऊंचा पहिला निष्कर्ष तयार होता: बिबट्या. एवढा गोरा माणूस उसात लांबून उठून दिसणार. तिघांनी दोन एकर ऊस पालथा घातला. चिखलात ठसे मिळाले, भाऊंनी ते वितीनं मोजले, आणि थोड्या वेळानं त्या ठशांचा मालक शेपूट हलवत आला. त्याच्या गळ्यात पट्टा होता.

दुसरा निष्कर्ष विहिरींचा. परिषद पाण्याची, म्हणजे माणूस पाण्याजवळ जाणार, वाकणार आणि पडणार. धम्मपालनं टेम्पो विहिरींकडे वळवला. त्यांनी एकामागून एक नऊ विहिरी पाहिल्या. भाऊ काठावर पालथे पडून आत हाका मारत. टोपीवाले पाहुणेही शेजारी पालथे पडत, खडा टाकून आवाज ऐकत आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहून ठेवत. चौकस माणूस आहे, असं धम्मपालच्या मनात आलं.

"ह्यात न्हाई. बरोबर का, पावणं?" भाऊंनी विचारलं.

"हो," पाहुणे म्हणाले.

भाऊ खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी विनातक्रार सहमत होणारा हा पहिलाच माणूस. त्यानंतर ते प्रत्येक निष्कर्ष पाहुण्यांना सांगून पक्का करू लागले. हरवलेला माणूस हेर आहे का? हो. तो वेश बदलून फिरतोय का? हो. आपण त्याच्या जवळ पोचलोय का? हो. भाऊंनी बाटलीतलं पाणी दिलं की पाहुणे छातीला हात लावून "धन्यवाद" म्हणत. सासरकडची माणसं एवढी नम्र असतात हे धम्मपालला नवीन होतं.

साडेतीन वाजले. यशोधराचे चार फोन येऊन गेले होते, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी शांत झाला होता. तेव्हा भाऊंनी अखेरचा निष्कर्ष काढला. पाणी कशाला लागतं? जनावरांना. जनावरं कुठं असतात? बाजारात. आज वार कुठला? सोमवार, म्हणजे बेल्ह्याचा बाजार. माणूस बेल्ह्याला गेलाय. धम्मपालनं सांगून पाहिलं की बेल्हे जुन्नर तालुक्यात येतं आणि त्या माणसाला तिकडं बंदी आहे. भाऊ म्हणाले, म्हणूनच गेलाय.

दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून धम्मपालनं टेम्पो दामटला. हद्दीची पाटी दिसायला लागली तसे मधले पाहुणे चुळबुळ करू लागले. त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हळूच थाप मारली. भाऊ विचारात होते. मग पाहुण्यांनी धम्मपालच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. गाडी लागली असेल, असं वाटून धम्मपालनं साळुबाईच्या चहाच्या टपरीपाशी ब्रेक दाबला. टपरी आंबेगावात होती आणि तिथून वीस पावलांवर जुन्नर तालुका लागत होता.

पाहुणे उतरले, टपरीच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि पुढं येणार नाही अशी मान हलवू लागले. भाऊ चिडले. तपास ऐन रंगात असताना माणसानं असं करावं का, हे ते धम्मपालला विचारत होते.

साळुबाई म्हातारी होती, पण तिची नजर साफ होती. तिनं तांब्या भरून पाहुण्यांच्या हातात दिला.

"पावणं, कुठलं म्हनायचं तुमी?"

"हो."

"गाव इचारते मी."

"धन्यवाद."

साळुबाईनं चहाचं पातेलं खाली उतरवलं आणि दोघांकडे वळली. "ह्यास्नी मराठी येत न्हाई. कुनाचा मानूस ह्यो?"

"धम्मपालचा," भाऊ म्हणाले.

"माझा?" धम्मपाल म्हणाला. "तुमच्या सासरचं न्हवं का?"

पाहुण्यांनी खांद्यावरचा टॉवेल बाजूला केला. निळ्या सदऱ्यावर परिषदेचं ओळखपत्र होतं, आणि त्यावर त्यांचाच, चांगला रंगीत फोटो.

धम्मपाल तिथल्या बाकावर बसला. बारावीपर्यंतचं इंग्रजी गोळा करून त्यानं विचारलं तेव्हा सगळा उलगडा झाला. लेमानू सत्कारानंतर लघवीला गेले, परत आले तर बस नाही. मांडवात वाट बघत थांबले, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला, काळ्या चष्म्याचा, हुकूम सोडणारा माणूस आला. हाच आपल्या सोबतीला नेमलेला अधिकारी, असं त्यांनी धरलं. सोबतीशिवाय पाऊल टाकायचं नाही हा नियम त्यांनी साडेतीन तास तंतोतंत पाळला होता. उसात शिरतानाही. फक्त तोच अधिकारी हद्दीबाहेर न्यायला निघाल्यावर, दोनांतला कुठला नियम मोडावा हे त्यांना कळेना.

पाचला सात मिनिटं कमी असताना टेम्पो मंचरला पोचला. यशोधरा रस्त्यावरच उभी होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं लेमानूंच्या टोपीला लागलेलं उसाचं पाचट काढलं, त्यांना सही करायला आत नेलं, आणि बाहेर येऊन भावाच्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की तो दोन दिवस काळानिळा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर लेमानूंचं भाषण ऐकवलं आणि अर्थही सांगत गेली. सातपैकी दोन मिनिटं ते अवसरीबद्दल बोलले. अनेक देशांत त्यांना पाण्याबद्दल चित्रं दाखवली गेली; पण इथल्या दोन अधिकाऱ्यांनी त्यांना नऊ विहिरींच्या काठावर स्वतःबरोबर पालथं पाडलं, प्रत्येक विहिरीला मोठ्यानं हाक मारली आणि ती काय उत्तर देते ते ऐकलं. पाण्याशी असं बोलणारी माणसं त्यांनी फक्त आपल्या बेटावर पाहिली होती. सभागृहात टाळ्या पडल्या.

हौशीरामभाऊंनी सगळं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, टाळ्या ठीक आहेत, पण केस अजून बंद झालेली नाही.

"मानूस घावला, मान्य," ते म्हणाले. "पन त्याला दिवसाढवळ्या अवसरीतनं गाडीत घालून हद्दीपातूर पळवून नेलं कुनी? ती टोळी अजून मोकळीच फिरतीय, धम्मपाल."

धम्मपालनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि कांद्याच्या गोण्या भरायला उठला.