एक बाय दहा हजार सात

नवऱ्याच्या टाचेखाली टाइल गेली तेव्हा फक्त 'कट्' एवढाच आवाज झाला. "एकच तर आहे," तो म्हणाला.

पण त्याची बायको, जी टाइल बसवण्याची कामं घ्यायची, मटकन खालीच बसली. वाचनालयाच्या दर्शनी जमिनीसाठी कुणा देणगीदाराने निळ्या काचेच्या, दोन-दोन सेंटिमीटरच्या दहा हजार आठ टाइल दिल्या होत्या. बहात्तर ओळी, ओळीत एकशे एकोणचाळीस, आयत चोख. स्वतःच्या नावावर घेतलेलं तिचं हे पहिलं मोठं काम. त्यात टाइल बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला.

वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी फुटलेली टाइल मोठ्या मनाने माफ केली. अटी मात्र तशाच ठेवल्या. आकार आयतच हवा, मधे भोक नको, कापाकापी नको, परकी टाइल नको. आणि देणगीची वस्तू, तेव्हा एकही उरता कामा नये. एवढी मोठी संख्या कशाने तरी भागली जाईलच, असा धीरही दिला.

घरी तिने सत्तर ओळी मांडून पाहिल्या, मग त्र्याहत्तर, मग पंच्याऐंशी. दर वेळी शेपूट उरायचं. शेवटी आत्याला बोलावलं. जन्मभर गणित शिकवलेल्या आत्याने दोनापासून सत्त्याण्णवपर्यंत निगुतीने भागून पाहिलं, पेन्सिल ठेवली आणि जावयाच्या टाचेकडे कौतुकाने पाहिलं.

"मूळ संख्या आहे ही. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाला दाद द्यायची नाही. दहा हजार आठचा गोतावळा केवढा होता! जावईबापूंनी एक टाइल फोडली आणि सगळी नाती तुटली."

"म्हणजे काम गेलं," भाची म्हणाली.

"गेलं कसं? एकाने भाग जातोय ना?"

पुढचे आठ दिवस भाचीने जमिनीत बोटभर रुंदीची खाच पाडून एकापुढे एक टाइल बसवली. निळी रेघ दारातून निघाली, वर्तमानपत्रांच्या टेबलाला वळसा घालून कपाटांमधून फिरली, लांबलचक बोळातून गेली. दोनशे मीटर व्हायला जागा पुरेना, म्हणून शेवटच्या दीडशे टाइल व्यवस्थापकांच्या खोलीत शिरून त्यांच्या टेबलाखाली संपल्या.

"याला आयत म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"रुंदी एक, लांबी दहा हजार सात," आत्या म्हणाली. "बोळ वळला, त्याला आयत काय करणार?"

त्यांनी आपलीच अटींची यादी दोनदा वाचली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी वाचकांनी रेघ पाहिली. रेघ आहे म्हणजे कुठेतरी नेत असणार, अशा विश्वासाने ते तिच्यावरून चालत गेले. दुपारपर्यंत व्यवस्थापकांच्या टेबलापुढे अकरा जण जमले. सगळ्यांत पुढच्या आजोबांनी विचारलं, "मोठ्या अक्षरांची पुस्तकं कुठे ठेवलीत?"

व्यवस्थापक त्या खोलीत एकोणीस वर्षं बसत होते. त्यांनी टेबलावर पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"चला, बघू या," म्हणून ते उठले. मागोमाग बाकीचे दहा जणही निघाले.