फोनवरची मोटार

आमच्या वर्गातले अशोकभाऊ कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावतात. कपाटाला, नळाला, एसटीच्या दांडीला. पहिल्या दिवशी माझ्याशी ओळख करून घेतली तीही दंडाला हाताची मागची बाजू टेकवून. "सुलट्या हाताले करंट धरून ठेवते, उलट्याले फेकून देते," हे त्यावरचं त्यांचं शास्त्र.

असा माणूस केस पिकल्यावर, नोकरी सांभाळून, वाशीमला इलेक्ट्रॉनिक्स-मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला आला. प्रॅक्टिकलला आमचं टेबल एक. बटण मी दाबायचं, भाऊ दाराशी उभे राहून विचारणार, "लाइन मेली का? पक्की मेली?" सर म्हणत, "अहो, बारा व्होल्ट आहे." "साप लहान असला तरी सापच राह्यते, सर."

मला हसू यायचं. कारण कळलं तेव्हा गेलं. वाशीमजवळच्या मालेगावकडे त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा आहे. लाइन आली की वहिनी ओल्या हातांनी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबतात. "बाजूच्या मळ्यातली बाई तशीच गेली," भाऊ एवढंच बोलले. वहिनींचा हात त्या डब्याला लागू नये, यासाठी हा सगळा डिप्लोमा.

प्रोजेक्ट म्हणून त्यांनी फोनवरून चालणारा स्टार्टर केला. बाजारात तयार मिळतो, पण "दुसऱ्याच्या डब्ब्याचा भरोसा नाई." मळ्यात बसवला, चाललाही. लगेच नवी भीती निघाली. आपण इथून मोटार सुरू करू आणि ती तेव्हाच मोटारीपाशी वाकलेली असली तर? म्हणून आधी वहिनींना फोन. "दूर हायेस ना?" "हाओ, बांधावर हावो." मगच बटण.

परवा वर्गात असताना स्टार्टरकडून लाइन आल्याचा मेसेज आला आणि वहिनी फोन उचलेनात. भाऊंनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. त्यांचं बोट बटणावर होतं. लाइन आली तशी गेली, पण त्यांनी बटण दाबलं नाही.

मग वहिनींचाच फोन आला. "फोन घरी राह्यला होता. मोटार काहून नाई चालू केली?"

फोन माझ्या हातात देत भाऊ हळूच म्हणाले, "तिले सांग, नेट नव्हतं."

मी तसं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "त्यायले सांगा, भेऊ नका, मी हावो."