हिंदुरावचा वाफा

वाघजाईवाडीत माणूस मेला की त्याच्या नावाचा वाफा फुलेपर्यंत तो घरीच बसून राहतो. हिंदुराव विहिरीत पडून गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येऊन बसला.

वाफा धाकट्या भावाने करायचा असतो. दिवसभर ऊन लागेल अशी जागा, शेणखत न घातलेली माती आणि डोंगरमाथ्यावरच्या कातळाची, सड्यावरची रानफुलं. बहुतेक जण तेरडा पेरतात. दोन महिन्यांत फूल येतं आणि मेलेला माणूस उठून जातो. धाकटा परशा चौथीतून शाळेबाहेर पडलेला, पण एवढं त्याला कळत होतं. तो तडक सड्यावर गेला, कारवीची रोपं उपटून आणली आणि अंगणातली फरशी फोडून तिथे लावली. कारवी सात वर्षांनी फुलते.

ग्रामसेवक वाफा बघायला आले.

"कारवी? रानातलीच आहे. नियमात बसतं. मयताला विचारलंस का?"

परशा रोपांच्या बुडाशी माती दाबत राहिला.

"मला निजता येत न्हाई, भाऊसाहेब," हिंदुराव म्हणाला. "घास गिळत न्हाई. सात वर्सं नुसता बसू?"

"एका मयताला एकच वाफा. लावलेला उपटता येत नाही," ग्रामसेवक म्हणाले आणि नोंदवहीत परशाचा अंगठा उमटवून घेऊन गेले.

आईने परशाशी बोलणं टाकलं. दर उन्हाळ्यात कारवीच्या काटक्या व्हायच्या, पावसात परत फुटायच्या. उन्हाने हिंदुरावचा सदरा विरला. परशा रोज त्याच्याशेजारी बसून गावातलं सांगायचा.

"ऐकतोयस न्हवं, दादा?"

"ऐकण्याबिगर काय काम हाय मला?"

सातव्या वर्षी भाद्रपदात सगळा वाफा कळ्यांनी भरला. परशा सकाळीच उकिडवा बसला आणि एकेक कळी नखाने खुडू लागला.

"परशा, पाया पडतो तुझ्या. जाऊ दे मला."

"पुढच्या खेपंला, दादा." परशाच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून मातीत गळत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

दुपारी वाफा नुसता हिरवा झाला. परशा उठला, पायरीपर्यंत गेला. हिंदुरावने त्याच्या पाठीकडे बघितलं.

"परशा," तो म्हणाला, "मधल्या झाडाला, पानाखाली एक राहिलीय."

परशा मागे वळला आणि त्याने तीही खुडली.