अर्धा आलाय, थांबलोय

आमच्या ऑफिसातले परशूदादा कॉम्प्युटरवर आलेल्या प्रत्येक अर्जाला "या, बसा" म्हणतात. तेही मोठ्याने. वेब सर्व्हिसवरून आलेल्या अर्जाला कान नसतात, हे मी त्यांना तीनदा सांगून पाहिलं.

शहापुरात बसून आम्ही मुलींच्या वसतिगृह-प्रवेशाचं अ‍ॅप्लिकेशन सांभाळतो. दादा प्रोग्रॅम लिहितात, मी त्यातल्या चुका काढते. माझा स्वभावच तसला, म्हणून मला घेतलं. अर्जासोबतच्या अटॅचमेंटला दादा 'गाठोडं' म्हणतात. दाखला असो वा फोटो. "आत शून्य न् एक, दुसरा काय नाय. पण गाठोडा आधी उतरवून घ्यावा, मंग इचारपूस."

रेंज गेली आणि फाइल अर्धीच आली, तर बहुतेक अ‍ॅप्लिकेशन ती फेकून देतात. दादांचं ती जपून ठेवतं आणि उरलेलीच मागतं. पडद्यावर संदेश येतो, "अर्धा आलाय. बाकीचा धाडा, आमी थांबलोय." ही काय भाषा झाली? मी चूक नोंदवली. दादांनी 'आमी'चं 'आम्ही' केलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या मुलीचा दाखला निम्म्यावर अडकला. मुदत पाचपर्यंत. आई-बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. वसतिगृह मिळालं नाही तर तिलाही शाळा सोडून त्यांच्यामागे जावं लागणार होतं. आमचे साहेब म्हणाले, "अर्धवट फायली उडवा, सर्व्हर तुंबलाय."

"पाचानंतर उडवा," म्हणत दादांनी तिला फोन लावला. "टेकडीवर जा गो. राहिलेलाच धाड, पयल्यापासून नाय."

पाचला सात मिनिटं असताना गाठोडं पुरं झालं. दादा "या, बसा" म्हणाले, या वेळी उभे राहून.

मी चहा पुढे केला आणि विचारलं, एका फायलीपायी एवढा जीव का टाकता?

त्यांनी एक जुना अर्ज उघडला. अ‍ॅप्लिकेशन नवं असताना त्यांनी वडिलांना चाचणीसाठी म्हसाच्या जत्रेतून स्वतःचा फोटो पाठवायला लावला होता. टोपी, कपाळ, डोळे आले. खाली नुसता करडा रंग. तेव्हा उरलेलं मागायची सोय नव्हती. वडिलांचा फोन जत्रेतच हरवला आणि त्या उन्हाळ्यात वडील गेले.

"बा हसत व्हता का, ता काय कळला नाय," दादा म्हणाले.

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग सवयीने अर्जाची स्थिती वाचली, दादांनी तेव्हा स्वतःच्या हाताने टाइप केलेली. इतक्या वर्षांत तो बंद केलेला नव्हता.

"अर्धा आलाय. आमी थांबलोय."

ही चूक मी नोंदवली नाही.