सावंत सिस्टरांचा सेकंदकाटा

सावंत सिस्टर कोणालाही "कशी आहेस" असं विचारत नाहीत. त्या सरळ म्हणतात, "हात दे." मग तुमचं मनगट धरायचं, स्वतःच्या घड्याळावर नजर लावायची आणि नाडी मोजायची. मध्ये तोंड उघडलंत तर "गप, मोजतेय." शेवटी आकडा आणि निकाल एकदमच: "जागरणं करतेस. बंद कर."

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये ह्यातून कोणी सुटलेलं नाही. कुरियरवाला पार्सल द्यायला येतो आणि नाडी देऊन जातो. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन पार्किंगवरून तावातावाने बोलत होते. बाई उठल्या, त्यांचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एकशेदहा. बसा खाली." चेअरमन बसले. पार्किंगचं भांडण अजून तसंच आहे. आमचे हे तर सिस्टरांची चाहूल लागली की बाथरूममध्ये घुसतात. सापडते मी. सकाळी ऑफिसला निघायची घाई, एक चप्पल पायात, दुसरी सापडत नाही, आणि दारात ह्या. "हात दे."

सिस्टर सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. वडील गिरणीत होते. मुलगी नर्स झाली तेव्हा त्यांनी तिला घड्याळ घेऊन दिलं, तेही पुरुषी. दुकानातल्या बायकांच्या नाजूक घड्याळांना सेकंदकाटा नव्हता, आणि त्याच्याशिवाय पोर नाडी कशी मोजणार, एवढा विचार त्या माणसाने केला होता. चावीचं, स्वस्तातलं घड्याळ. पट्टे किती बदलले देव जाणे. घड्याळ तेच.

ते बंद पडलं. मला कळलं ते असं की सकाळी बेल वाजेना. दोन्ही चपला शांतपणे घालून मी ऑफिसला वेळेवर पोचायला लागले आणि मला चैन पडेना. शेवटी मीच त्यांच्या दारात गेले.

"घड्याळच बंद आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे काय तोंड घेऊन येऊ?"

"मोबाइलवर बघा ना सेकंद."

"एका हातात मोबाइल, एका हातात नाडी. मग चष्मा काय तू धरणार?"

टेबलावर नवं कोरं घड्याळ पडलं होतं. भाच्याने परदेशातून पाठवलेलं. मनगटावर बांधलं की ठोके आपोआप दाखवतं म्हणे. मी म्हटलं, हे तर झकासच. सिस्टर चिडल्या की मालवणीत जातात. "झकास काय त्यात? ह्याका कोणाचो हात धरूकच लागणा नाय. मगे उपेग काय त्याचो?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना घेऊन घड्याळवाला शोधायला निघाले.

स्टेशनजवळचा पहिला, मोबाइलची कव्हरं विकत होता. "मौसी, इसको फेक दो. सेलवाला ले लो." सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच त्यांना बाहेर ओढलं. दुसरा घड्याळ उघडायला तयार झाला, तर बाई म्हणाल्या, "आधी हात दे." बिचाऱ्याने घाबरून दिला. "थरथरतोय. जेवलायस का? नाही ना. चल गो, इथे नको." म्हणजे इथे ऑपरेशन होतं आणि सर्जन ह्या निवडणार. माझी रजा गेली चुलीत.

कुर्ल्याला एका जिन्याखाली तिसरा मिळाला, डोळ्याला भिंग लावून बसलेला म्हातारा. त्याचंही मनगट तपासून झालं. "शांत आहे. चालेल." म्हातारा म्हणाला, "बाई, मी आजारी नाही. आणि घड्याळ ठेवून जावं लागेल."

ठेवून आल्या. रिक्षात घरापर्यंत त्या स्वतःचं रिकामं मनगट दुसऱ्या हाताने धरून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लोकांचे हात धरणाऱ्या बाईचा हात धरायला त्यांच्या स्वतःशिवाय कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात घड्याळ आणायला गेलो. चालू झालं होतं, टिकटिक अगदी खणखणीत. पण सेकंदकाटा नव्हता. तो ज्या बारीक पिनेवर बसतो ती मोडली होती आणि तसली पिन आता कुठे मिळत नाही, असं म्हातारा म्हणाला.

"अहो काका, तोच तर हवा होता," मी वैतागले. "बाकीचे दोन नसते तरी चाललं असतं."

सिस्टरांनी घड्याळ कानाला लावलं, मनगटावर बांधलं आणि चालायला लागल्या. बिल्डिंगच्या जिन्यातही त्यांनी कोणाला अडवलं नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मी पर्स खांद्याला लावून दार उघडलं.

"हात दे."

"सिस्टर, पण काटा..."

"मिनिटकाटा आहे ना? तो ह्या रेघेवरून त्या रेघेवर जाईपर्यंत मोजायचं. थोडा वेळ लागतो. तुला घाई आहे?"

घाई होती. पूर्वी ह्यांचं पाव मिनिटात आटपायचं, मग गुणिले चार. आता तो काटा हलायचं नाव घेईना. त्यांची बोटं गार होती, माझ्या मनगटावर हळूहळू उबदार होत गेली. आतून आमच्या ह्यांनी डोकं बाहेर काढून पाहिलं आणि ह्या वेळी बाथरूममध्ये न जाता तिथेच उभे राहिले.

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांची नजर घड्याळावर नव्हतीच. डोळे मिटलेले होते.

बऱ्याच वेळाने मी हळूच विचारलं, "किती?"

त्यांनी डोळे उघडले. "विसरले गो," त्या म्हणाल्या. "परत मोजू?"

मी खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली.

"मोजा," म्हटलं. "सावकाश मोजा."