नोलाचा लांबलेला पास

"या बुधवारी कप आला नाही, तर पुढच्या वर्षी मी ट्रेव्हरला जोडीला घेणार," ग्वेंडाने मंगळवारी फोनवर सांगून टाकलं. अकरा वर्षांची जोडी मोडणार, या धास्तीने नोलाचा त्या रात्री डोळा लागला नाही. तो लागला बुधवारी ब्रिजच्या क्लबात, भर दुपारी.

शेवटचा डाव होता. समोरच्या जोडीतल्या क्लाइव्हच्या बायकोने तीन बदामांची बोली लावली आणि पाळी नोलाची आली. तिची पानं अगदी रद्दड. पासचं कार्ड ठेवून मोकळं व्हायचं, एवढंच काम. पण खिडकीबाहेर खाडीवर ऊन पसरलं होतं, पेलिकन संथ तरंगत होते. बघता बघता नोलाही त्यांच्यात तरंगू लागली, पानं हातात धरून, उघड्या डोळ्यांनी. पाणी कोमट होतं. ग्वेंडाही होती तिथे, आणि चक्क हसत होती.

"नोला, तुझी पाळी," क्लाइव्ह म्हणाला.

तिने दचकून पास ठेवला.

एवढा वेळ घेते म्हणजे बाईकडे काहीतरी दडलंय, असं क्लाइव्हला वाटलं. या दोघींनी डाव पळवायच्या आत त्याने घाईने चार बदाम लावले. ग्वेंडाकडे इस्पिकांची रास होती. पण जोडीदार रेंगाळला तर त्यावरून अंदाज बांधायचा नाही, हा ब्रिजचा नियम, आणि ग्वेंडा नियमाला पक्की. तिने ओठ आवळून पास दिला. क्लाइव्हच्या जोडीला एक हात कमी पडला. तीनवर थांबले असते तर तरले असते. कप ग्वेंडा-नोलाचा झाला.

क्लाइव्हने पंच मारियनला बोलावलं.

"पानांचा विचार नसताना रेंगाळल्यामुळे समोरचा फसला असेल, तर मला गुण फिरवावे लागतील," मारियन म्हणाली. "नोला, इस्पिक बोलावं का, याचाच विचार करत होतीस ना गं?"

उत्तर आयतं हातात आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. ग्वेंडा टक लावून बघत होती.

"नाही गं," नोला म्हणाली. "मला डुलकी लागली होती."

कप क्लाइव्हकडे गेला.

ग्वेंडा तरातरा दारापर्यंत गेली. मग थांबली.

"अकरा वर्षं तू थांबलीस की मी समजायचे, हिच्याकडे पानं आहेत. आणि नियम म्हणून तोंड शिवून पास द्यायचे. त्या सगळ्या वेळी तू झोपलेली असायचीस?"

"सगळ्या नाही गं."

दाराशी पुढच्या वर्षीच्या नावनोंदणीचा कागद लावला होता. ग्वेंडाने पेन काढलं. नोलाला तिकडे बघवेना. जरा वेळाने तिने धीर करून वाचलं. दोघींची नावं शेजारीशेजारी होती, आणि खाली बारीक अक्षरात विनंती: नोलाची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवावी.