हॅलो खराडी, बिबवेवाडी बोलतंय

रविवारी संध्याकाळी माझे साडू आनंदराव पायांत बूट चढवतात आणि घरातच बसतात. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट. समोर कुकरच्या झाकणाला टेकवलेला मोबाईल. त्यात ते छातीपर्यंतच दिसतात. मग बूट कशाला, असं मी एकदा विचारलं.

"त्यांना दिसत नसले तरी मला माहीत असतात ना," ते म्हणाले.

मग खाकरून सुरुवात होते. "हॅलो खराडी, बिबवेवाडी बोलतंय. आवाज पोचतोय?"

खराडी म्हणजे त्यांच्या मुलीची, ज्योतीची, दोन मुलं. आर्या दहावीत, सम्यक बारावीत. आनंदराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. माणसाला गावाच्या नावाने हाक मारायची सवय तिथली. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि आमची घरं एकाच सोसायटीत. त्यांची बायको शांताक्का वारल्यापासून बिबवेवाडीतर्फे श्रोता म्हणून मी हजर असतो.

हा कार्यक्रम म्हणजे धम्मग्रंथाचं वाचन. आमच्याकडे वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, घरोघरी ग्रंथ वाचतात. आश्विन पौर्णिमेला समाप्ती, वर खीर. आनंदरावांची समाप्ती कधी होतच नाही. शेवटचं पान संपलं की ते लगेच पहिलं काढतात. "पाऊस थांबला म्हणून शहाणपणही थांबवायचं का?" त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा वडिलांना अक्षरओळख नव्हती. लहानगा आनंद वाचायचा आणि बाप मांडी घालून ऐकायचा. तेव्हापासून या घरातलं वाचन खंडलेलं नाही. ज्योती खराडीला राहायला गेली आणि मुलांचे क्लास सुरू झाले, तेव्हा त्यांनी ते 'तारेवर' घेतलं. इंटरनेटला ते तारच म्हणतात.

तारेचे धडे आर्याने दिले. सुरुवातीला एकदा आनंदराव अख्खं प्रकरण म्यूटवर वाचून मोकळे झाले. शेवटी आर्या म्हणाली, "आजोबा, तुमचा आवाजच नव्हता."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही छान रंगात आला होतात."

"बरं. मग आता आवाजासकट रंगतो," असं म्हणून त्यांनी प्रकरण पहिल्यापासून वाचलं. तेव्हापासून त्यांचा आवाज जरा जरी गेला, तरी खराडीहून तातडीने बोंब येते.

दुसरा तंटा चित्रांचा. वाचन झालं की आनंदराव ग्रुपवर एक प्रश्न टाकतात. उत्तरात आर्या हात जोडलेलं चित्र पाठवते. "हे उत्तर आहे की निरोप घेतेस?" असं ते लिहितात. मग दोन वाक्यं येतात. त्यावर आनंदराव स्वतः अंगठा पाठवतात. त्यांनी पाठवलेलं चित्र मात्र चालतं, कारण ते परीक्षक.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती. आमच्या नातेवाइकांत आनंदरावांची एक कथा फिरते, की हा माणूस कित्येक रविवार एका चित्राला धम्म शिकवत होता. लोक पोट धरून हसतात. ती कथा पहिल्यांदा सांगितली मीच, एका लग्नाच्या पंगतीत, मीठमसाला लावून. तेव्हा दुरुस्तीही माझ्याकडूनच यायला हवी.

झालं होतं असं. सम्यकने स्वतःचा एक व्हिडिओ काढला. टेबलाशी बसलाय, पडद्याकडे बघतोय, अधूनमधून मान डोलावतोय. रविवारी आपल्या मोबाईलवर तो व्हिडिओ स्वतःच्या जागी लावून हा पठ्ठा खाली मित्रांत जायचा. मला त्यानेच सांगितलं. "आबा, सांगू नका हं. एवढा अभ्यास असतो, त्यात हे कुठे? काही दिवस असं बघतो, नाहीतर येणंच बंद करतो." मी गप्प बसलो. दर रविवारी माझ्याशेजारी आनंदराव वाचत होते आणि चित्र माना डोलावत होतं. वर आनंदराव म्हणायचे, "सम्यकचं लक्ष बघा. पापणी लवत नाही पोराची." मला हसू दाबता दाबता खोकला यायचा.

पण मनात एक किडा वळवळत होता. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या लाइनीतले दोष शोधले, त्याला हे कळू नये? शेवटी एका रविवारी फोन बंद झाल्यावर मी हळूच विषय काढला. म्हटलं, "आनंदराव, सम्यक जरा जास्तच शांत बसतो, नाही?"

ते बुटाची नाडी सोडत होते. वर न बघता म्हणाले, "साडूबुवा, त्याच्यामागून ज्योती वाळलेले कपडे घेऊन जाते. प्रकरण संपेपर्यंत दहा वेळा तरी जाते. एवढे कपडे अख्ख्या खराडीत नसतील."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच रविवारी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बूट शेजारी शेजारी नीट लावले. "बोललो तर तो यायचाच बंद होईल. आणि खरं सांगू? इथे आला की मान खाली, मोबाईलमध्ये. चेहरा दिसतो कुठे? या व्हिडिओत कसा समोर बसलाय. मी वाचता वाचता बघत असतो. कपाळ अगदी आमच्या शांताचं आहे. डोळे बारीक करतो, बघितलंत? चष्म्याचा नंबर वाढला असणार. ज्योतीला सांगायचंय, पण मला कसं कळलं म्हणून सांगू?"

मला खोकला आला नाही.

त्या आठवड्यात मी सम्यकला फोन केला. उपदेश केला नाही, तो अधिकार मी पंगतीतच घालवला होता. एवढंच म्हटलं, "आजोबा म्हणतात, चष्म्याचा नंबर तपासून घे."

"त्यांना कसं कळलं?"

"रविवारी बघतात तुला."



पुढच्या रविवारी आनंदरावांनी वाचायला घेतलं. पडद्यावरच्या मुलाने कान खाजवला. खुर्ची मागेपुढे केली. शेजारी आर्याने काहीतरी म्हटलं म्हणून तिला कोपर मारलं. आणि प्रकरणाच्या मध्यावर त्याने एवढी मोठी जांभई दिली, की मला त्याची अक्कलदाढ दिसली.

आनंदरावांनी वाचन थांबवलं. ओळीवर बोट ठेवून ती जांभई पुरी होऊ दिली, अगदी शेवटपर्यंत पाहिली.

"दमलास रे बाळा," ते म्हणाले. "आज इथेच थांबू."

"नाही आजोबा," सम्यक म्हणाला. "वाचा तुम्ही."